युद्धावरून परतलेले मन



आपल्या बेळगावात सैनिक पाहायला पुस्तक उघडावे लागत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून येथे आहे, आणि आपल्या वर्गांतल्या कित्येकांचे आजोबा, वडील किंवा काका फौजेतले. तरीही हा पाठ घ्यायला आम्हांला उशीर झाला. कारण सांगतो. एका प्रजासत्ताकदिनी आम्ही एका माजी सैनिक पालकांना बोलावले होते. एका मुलाने विचारले, "काका, तुम्ही किती शत्रू मारले?" मुले हसली, आम्हीही हसलो. काकांनी माइक खाली ठेवला आणि ते निघून गेले. चूक मुलाची नव्हती. असा प्रश्न विचारू नये हे आम्ही त्याला शिकवलेच नव्हते.

पहिल्या महायुद्धात अंगावर जखम नसलेले शिपाई रुग्णालयांत येऊ लागले. कोणी थरथरे, कोणाची वाचा गेलेली, कोणाला दिसेनासे झालेले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यासाठी 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने हे होते असा आधी समज होता. पण गोळ्यांच्या जवळपासही नसलेल्यांना तेच होऊ लागले. मग अनेकांनी त्याला भित्रेपणा ठरवले. हॅरी फार नावाच्या ब्रिटिश शिपायाने १९१५ मध्ये याच त्रासासाठी पाच महिने उपचार घेतले होते. पुढच्या वर्षी तो आघाडीवर जायला तयार होईना, तेव्हा भ्याडपणाच्या आरोपावरून ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. त्याच्यासह ३०६ जणांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली. नव्वद वर्षे लागली!

व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे हा विषय पुन्हा ऐरणीवर आला, आणि १९८० मध्ये या आजाराला आजचे नाव मिळाले: पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणाव-विकार.

हे होते कसे? रणांगणावर आवाज होताच जमिनीवर झोकून द्यायचे, हे शरीर शिकते. विचार करीत बसला तो गेला. ही शिकवण जीव वाचवते, पण घरी आल्यावर पुसली जात नाही. मनातली धोक्याची घंटा बंदच होत नाही. लवंगी फटाका वाजला तरी छाती धडधडते. झोपेत तोच प्रसंग पुन्हा घडतो. जागेपणीही कधी तो आठवत नाही, समोर चालू असतो. माणूस गर्दी टाळतो, बाजारात भिंतीला पाठ लावून उभा राहतो, क्षुल्लक गोष्टीवर भडकतो. असे महिन्याहून अधिक चालले तर तो आजार समजावा. प्रत्येक सैनिकाला तो होतो असे नाही. बहुतेकांना होत नाही. आणि ज्याला होतो तो इतरांहून कमी शूर असतो, असेही नाही.

पालकांना एक सांगावेसे वाटते. घरात बाबा रागावतात, बोलत नाहीत, तेव्हा मुलांना वाटते आपलेच काही चुकले. त्यांना खरे कारण साध्या शब्दांत सांगा. झोपलेल्या माणसाला हलवून उठवू नका, थोडे लांबून नावाने हाक मारा. मागून अचानक खांद्यावर हात ठेवू नका. दिवाळीत शेजारी माजी सैनिक असतील तर फटाके कधी लावणार ते आधी सांगून या. आणि रोजच्या बाटलीला 'फौजी सवय' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. दारूने झोप लागते असे वाटते, पण आजार बळावतो.

यावर उपचार आहेत. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या मदतीने तो प्रसंग हळूहळू बोलता येतो, गरजेप्रमाणे औषधेही असतात, आणि पुष्कळांना आराम पडतो. सरकारची टेलिमानस सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही, घरच्यांनाही, बोलता येते. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष उघडला.

त्या काकांकडे आम्ही जाऊन आलो, क्षमा मागितली. भाषणाला ते नाही म्हणाले. पाचवीच्या मुलांना कवायत शिकवायला मात्र शनिवारपासून येत आहेत.