पोल्ट्रीतली मर आणि बिघडलेला खताचा ढीग



ब्रॉयलर शेडमधली रोजची मर तुसात किंवा लाकडाच्या भुशात रचली, की जिवाणू तिचे खत करतात. मेलेल्या पक्ष्यातून नत्र आणि पाणी मिळते, तूस-भुशातून कर्ब. कर्ब-नत्राचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १, ओल ५० ते ६० टक्के आणि आत हवा खेळती असली, तर ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. बिघाडाचे मूळ बहुधा यांपैकीच एकात असते.

ढीग तापत नसेल तर आधी ओल तपासावी. हातमोजा घालून मधला मूठभर माल घट्ट दाबावा. गोळा होऊन हात ओलसर लागला, तर ओल योग्य. बोटांतून पाणी निथळले तर जास्त. मूठ उघडताच माल विस्कटला तर कमी. कोरड्या ढिगावर पाणी शिंपडावे, ओल्यात कोरडा भुसा मिसळावा. ओल ठीक असूनही ऊब नसेल, तर ढीग फार लहान आहे किंवा नत्र कमी पडते. नुसते तूस सावकाश कुजते. त्यात शेडमधले जुने लिटर मिसळावे.

कुबट वास आणि तळातून काळे पाणी ही हवा कोंडल्याची खूण. पक्षी एकावर एक टाकले की हेच होते. तळाला ३० सेंटीमीटर भुसा, त्यावर पक्ष्यांचा एकेरी थर, तोही कडेपासून १५ सेंटीमीटर आत, आणि वर १५ ते २० सेंटीमीटर झाकण, अशी रचना हवी. पावसाळ्यात वर छप्पर लागतेच. माश्या आणि कुत्री येतात ती झाकण पातळ असल्याने. उघडा पडलेला पंख किंवा पाय त्याच दिवशी झाकावा.

आधी चांगला तापलेला ढीग काही दिवसांनी निवला, तर आतला प्राणवायू संपलेला असतो. ढीग उलथून, लागल्यास पाणी देऊन पुन्हा रचला की तो परत तापतो. ७० अंशांच्या वर गेल्यास मात्र उपयोगी जिवाणूही मरतात. तेव्हा माल पसरून निववावा. उलथूनही ऊब येत नाही, मांस उरलेले नाही आणि हाडे ठिसूळ झाली आहेत, म्हणजे खत तयार.

मर एकाएकी वाढली, तर दोष ढिगात शोधू नये. बर्ड फ्लूसारख्या रोगाची शंका असताना पक्षी हलवू नयेत, ढिगातही घालू नयेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे; विल्हेवाट त्यांच्या सांगण्याप्रमाणेच लावावी.

— काका