फॉरमॅट मारायच्या आधी

बोईसर-तारापूरच्या छोट्या कारखान्यांच्या ऑफिसांत अजून जुने, पण धडधाकट डेस्कटॉप आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, म्हणून लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेतलेली मशीनं माझ्याकडे येतात. इन्स्टॉल सुरळीत झालेलं असतं. पेनड्राईव्ह काढून रिस्टार्ट केलं की गाडं अडतं. या कामात जे पक्कं कळलं, ते लिहितोय.

१. मशीन कुठे अडलंय ते आधी बघा. 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर बायोसला ग्रबच (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) सापडलेला नाही. 'ग्रब रेस्क्यू' आलं तर ग्रब आहे, पण त्याला त्याच्या फायली मिळत नाहीत. तिन्हीत्रिकाळ फॉरमॅट हा यावरचा उपाय नव्हे. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. निम्मं निदान त्यातच होतं.

२. सगळ्यात जास्त घोटाळा पेनड्राईव्ह चालू करताना होतो. चिंचणीचा एक कॉलेजचा मुलगा सीपीयू घेऊन आला. "दादा, परत परत टाकलं, तरी तेच येतंय." बूट मेनूत त्याचा एकच पेनड्राईव्ह दोन ओळींत दिसत होता: एकीत नुसतं नाव, दुसरीत नावाआधी 'यूईएफआय'. तो दर वेळी पहिली ओळ निवडायचा. त्यामुळे लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीने बसलं आणि बायोस मात्र डिस्कवर नव्या यूईएफआय पद्धतीचा ग्रब शोधत होतं. आम्ही दुसऱ्या ओळीवरून पेनड्राईव्ह चालू केला. लिनक्सच्या 'सिस' फोल्डरमधल्या 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' हे फोल्डर दिसलं, म्हणजे पद्धत बरोबर. डिस्कवर ईएफआयचं छोटं फॅट३२ पार्टिशन होतंच, त्यामुळे 'बूट-रिपेअर'ने ग्रब तिथे बसवला. त्याच्या प्रोजेक्टच्या फायलींना धक्काही लागला नाही.

३. टॅलीसाठी विंडोजची एक डिस्क आणि लिनक्ससाठी नवी एसएसडी, अशी जोडी इथल्या ऑफिसांत नेहमीची. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर ग्रबसाठी दुसरी डिस्क निवडली तरी ईएफआयच्या फायली पहिलीवरच ठेवायचा. पुढे पहिली डिस्क काढली की लिनक्सही उठत नाही. इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवावी, हे मी प्रत्येकाला बजावतो.

४. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर जगभरच्या ड्युअल बूट मशीनवर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' येऊन लिनक्स बंद पडलं होतं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद केलं की ते सुरू व्हायचं. पण बिटलॉकर असेल तर आधी त्याची रिकव्हरी की हाताशी घ्या.

५. ग्रबची यादी दिसली आणि मग पडदा काळा झाला, तर बहुधा ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न. यादीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडा, एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. आत गेल्यावर ड्रायव्हर टाका.

६. पावसाळ्यात अचानक वीज गेल्यावर कधी कधी मशीन 'इनिटरामएफएस'वर थांबतं. तिथे बहुतेकदा 'एफएससीके'ने फाइल सिस्टीम दुरुस्त होते. पण डिस्क कटकट आवाज करत असेल, तर एफएससीके चालवू नका. लाइव्ह पेनड्राईव्हवरून मशीन चालू करून आधी बिलं, चलनं, टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि मगच दुरुस्तीला हात घाला.