पाच मिनिटांचं काम आहे हो!

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला बरंच काही शिकवलं, पण ग्राहकाला "नाही" कसं म्हणायचं ते काही कोणी शिकवलं नाही. नोकरी सोडून आम्ही दोघा मित्रांनी न्यू जर्सीत छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि ही उणीव लगेच जाणवली.

एका गणपतीत हॉलमध्ये आरती चालू होती आणि आम्ही पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून एका दुकानाच्या साईटवरचा फोटो बदलत होतो. साईट बंद नव्हती, फोटो फक्त मालकाला आवडला नव्हता. आमच्यातल्या एकाची मुलगी प्रसादाची वाटी घेऊन बाहेर आली, "बाबा, आरती संपली" म्हणाली आणि वाटी ठेवून निघून गेली. त्या रात्री आम्हा भागीदारांचं चांगलंच वाजलं. फोन कोणी उचलला, यावरून!

मग आम्ही एका वहीत दोन आठवडे सगळं टिपून ठेवलं. "पाच मिनिटांचं काम आहे हो" असं म्हणून आलेलं एकही काम पाच मिनिटांत झालं नव्हतं. शिवाय काम संपल्यावर मूळ प्रोग्रॅममध्ये पुन्हा डोकं घालायला वेळ लागतो तो वेगळाच. पॉल ग्रॅहम यांनी २००९ साली एका लेखात हेच मांडलंय: व्यवस्थापकाचा दिवस तासातासाचा असतो, घडवणाऱ्याला मात्र निदान अर्धा दिवस सलग लागतो आणि मधली एक मीटिंग अख्खी दुपार वाया घालवू शकते. आमच्यासारख्या छोट्या मालकाची पंचाईत अशी की त्याला दोन्ही व्हावं लागतं. म्हणून आता दुपारी एकपर्यंत फोन बंद आणि भेटीगाठी त्यानंतर.

खरा फरक पडला तो करारामुळे. त्यात आता कामाचे तास लिहिलेले असतात आणि "तातडीचं" म्हणजे काय तेही: साईट पूर्ण बंद, पैसे स्वीकारणं बंद, किंवा माहिती गहाळ. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी. वेळेबाहेरच्या कामाला दीडपट दर. ठरल्यापेक्षा जास्त काही हवं असेल तर आधी अंदाजपत्रक, त्यावर सही, मग काम. ग्राहक पळतील अशी भीती होती. एक गेला, खोटं कशाला सांगा! बाकीचे मात्र आधीच विचार करून एकत्र यादी पाठवायला लागले. आपण पुणेकर चितळ्यांच्या एक ते चारवर वर्षानुवर्षं विनोद करत आलो, पण २०१७ साली त्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात करेपर्यंत चारनंतर रांग लागायचीच की!

पुण्यातल्या सहकाऱ्यांचा प्रश्न वेगळा. फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहा. आधी आम्ही रात्री अकराला फोनवर बसायचो आणि सकाळी घरात सगळ्यांवर चिडायचो. आता आमच्या सकाळी आठला एकच कॉल, म्हणजे त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेसहा. रात्रीचं सगळं लेखी.

सगळ्यात अवघड म्हणजे आपली माणसं. "घरचंच काम आहे, पैसे काय घ्यायचे?" असं काका-काकू म्हणाले की जीभ रेटत नाही. यावर आमचा तोडगा असा की महिन्याला चार तास दानाचे, आणि ते आधीच ठरलेले. मंडळाच्या देणगीचा फॉर्म त्यातूनच होतो. तास संपले की पुढचा महिना. फुकट कामाचंही बिल पाठवतो: पूर्ण रक्कम, खाली तेवढीच सूट. वेळेची किंमत कागदावर दिसली की दुसरी मागणी जरा विचार करून येते.

देणगीदारांसाठी जाता जाता एक गोष्ट. आपल्या वेळेची किंमत कितीही असली तरी अमेरिकेच्या आयकर खात्याकडे ती देणगी म्हणून वजा होत नाही. पात्र धर्मादाय संस्थेसाठी पदरचा खर्च केला असेल, तर वजावटींचा तपशील भरणाऱ्यांना तो दाखवता येतो, गाडीचा प्रवाससुद्धा, मैलाला १४ सेंट. तेव्हा या कार्यक्रमासाठी टेबलं, समया आणि बटाटेवडे वाहून नेणाऱ्यांनी मैल टिपून ठेवा, पावत्याही.