बांधालगतचा चर किती जुना?

प्रश्न : आमच्या शेताच्या कडेने मातीचा लांबलचक बांध आहे, त्याला लागून चर. इंग्लंडमधल्या खडूच्या टेकड्यांवर असेच बांध तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत म्हणतात. आमचाही तसाच असेल का?
– एक वाचक, जामनेर

उत्तर : आधी चर बांधाच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहा. चढाकडे चर आणि उताराकडे माती असेल, तर तो बहुधा पाणी अडवायला काढलेला समतल चर. १९७२च्या दुष्काळात अशी कामे गावोगाव निघाली. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना विचारा, कोणी त्या कामावर स्वतः घमेली वाहिली असतील. चर एखाद्या जुन्या गढीचा खंदक असेल, तर मात्र तो तटाच्या बाहेरच्या अंगाला असतो.

इंग्लंडमधले बांध टिकले ते जमिनीमुळे. तिथे खडूवर मातीचा पातळ थर, वर गवत, त्यावर मेंढ्या. १९६०मध्ये तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी ओव्हरटन डाउनवर मुद्दाम नवा चर खणून बांध घातला आणि ठरावीक वर्षांनी तो कापून पाहिला. चराच्या कडा पहिल्या काही वर्षांतच ढासळल्या, मग गवत धरले आणि आकार स्थिरावला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, वर दरवर्षी नांगर. तीन हजार वर्षांचा बांध तिच्यात उघड्यावर दिसणे फार अवघड.

म्हणून आपल्याकडचा नमुना उत्खननातूनच हाती आला. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून खोदकाम केले. त्यात जोर्वे काळातला, म्हणजे इ.स.पू. सुमारे १४०० ते १००० मधला, सुमारे चार मीटर रुंद नि साडेतीन मीटर खोल पाट आणि दगडमातीचा बांध सापडला. पुराचे पाणी वळवून शेतीला द्यायचे, असा उत्खननकर्त्यांचा अर्थ. मला तो पटतो: पावसाळ्यानंतर पाणी लागणारे गहू आणि सातू तिथे पिकत होते.

प्रश्न : मग खडूवरचे ते बांध नेमके कशासाठी होते, हे कोडे का सुटत नाही?

उत्तर : तिथे कोणी राहत नव्हते, म्हणून खापरे फार थोडी. अनेक बांध जमिनीच्या नि गुरांच्या हद्दी असावेत. चरातल्या गोगलगाईंच्या शंखांवरून तेव्हा तिथे रान होते की कुरण, एवढे मात्र कळते.

आता पुन्हा तुमच्याकडे. खानदेशात जुनी वस्ती शोधायची तर नदीकाठची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी माती, पाहावी. गिरणेवरचे बहाळ, तापीवरचे प्रकाशे तशीच. तुमच्या बांधात तांबड्यावर काळी नक्षी असलेली खापरे दिसली, तर ती उचलू नका. जागेवरच फोटो काढा, गट क्रमांक लिहा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.