“हिनेनी” : एका वृद्ध गायकाचें शेवटचें काम

जुन्या करारांत ‘हिनेनी’ हा लहानसा इब्री शब्द अनेक ठिकाणीं येतो. ‘हा मी येथें आहें’ असा त्याचा अर्थ. अब्राहामानें तो उच्चारिला, मोशेनें उच्चारिला, बाल शमुवेलानेंहि उच्चारिला. हाच शब्द इ. स. २०१६ सालीं एका वृद्ध गायकाच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या गीतसंग्रहांत ऐकूं आला. त्याची हकीकत आम्ही या पाठांत सांगणार आहों.

लेनर्ड कोहेन हे कॅनडांतील माँट्रिऑल शहरीं २१ सप्टेंबर १९३४ रोजीं एका यहुदी कुटुंबांत जन्मले. ते प्रथम कवि व मागाहून गायक झाले. उतारवयांत सांचविलेला पैसा हातचा गेल्याचें कळलें, तेव्हां २००८ सालीं, ७३ वर्षांचे असतां, ते पुन्हां गायनाच्या दौऱ्यावर निघाले.

पुढें देह थकला. कर्करोग जडला, पाठीच्या कण्यास तडे गेले, आणि नव्या गीतांचें काम अडलें. तेव्हां त्यांचे पुत्र अ‍ॅडम यांनीं तें हातीं घेतलें. वडिलांस बाहेर नेणें कठीण, म्हणून ध्वनिमुद्रणाचीं यंत्रें लॉस एंजेलिस येथील राहत्या घरींच मांडलीं. रुग्णाकरितां केलेल्या खुर्चीवर बसून ते गात. आवाज अगदीं खोल गेला होता. तो झाकण्याचा प्रयत्न या गीतांत कोठेंहि दिसत नाहीं. साथीस माँट्रिऑलच्या शार हशोमाइम सभास्थानाचा गायकवृंद घेतला. आजोबा व पणजोबा ज्याचे अध्यक्ष होते, तेंच हें सभास्थान. त्या वृंदाच्या स्वरांबरोबर शीर्षकगीतांत ‘हिनेनी’ हा शब्द येतो.

‘यू वॉन्ट इट डार्कर’ हा संग्रह २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं प्रसिद्ध झाला. त्या सुमारास मरणास आपण सिद्ध आहों असें ते एका मुलाखतींत बोलले. लोकांस वाईट वाटलें, तेव्हां एका सभेंत ते विनोदानें म्हणाले कीं, ती अतिशयोक्ति होती. आपला बेत सदैव जगण्याचा आहे! ७ नोव्हेंबर रोजीं, अवघ्या सतरा दिवसांनीं, ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, कोहेन यांस भय नव्हतेंच असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या गीतांत देवाशीं वादहि आहे. परंतु हांक आली तेव्हां ते लपले नाहींत. रोज हजेरीस तुम्ही ‘हजर’ म्हणतां, तो याच शब्दाचा धाकटा भाऊ होय.

पालकांस आमची एवढीच विनंति: वडिलांचें काम संपलें असें न समजतां त्यांच्या खुर्चीजवळ यंत्रें नेणारा पुत्रहि ‘हजर’ म्हणणाराच होता. आपल्या घरीं कोणी आजोबा वा आजी खाटेवर असतील, तर त्यांस अजून कांहीं सांगावयाचें आहे काय, हें एकदां जवळ बसून विचारावें.