खेळ, कौशल्य आणि प्रोत्साहन

हा पाठ वाचल्यानंतर 'मानवी भांडवल' आणि 'प्रोत्साहन' या संकल्पना तुम्हांला उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.

मूळ पाठ

यंत्रे, इमारती यांना आपण भांडवल म्हणतो. शिक्षण, सराव आणि आरोग्य यांमुळे माणसाच्या अंगी येणाऱ्या क्षमतेला अर्थशास्त्रात 'मानवी भांडवल' म्हणतात. खेळाडूचे कौशल्य हेही असेच भांडवल होय.

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरील कुस्ती त्यांना नवीन होती. तरीही ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. पोलीस खात्यात नोकरी मिळण्यास मात्र १९५५ साल उजाडले.

महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक पदक ७२ वर्षांनी मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. त्यांनी राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिक्षण घेतले होते आणि २०१५ पासून ते मध्य रेल्वेत नोकरीस होते. लखनौच्या आलमबागेपासून मुंबईच्या परळपर्यंत रेल्वेचे कारखाने पसरलेले आहेत. या विशाल संस्थेत खेळाडूंची विशेष भरती होते. पदकानंतर राज्य शासनाने कुसाळे यांना १ कोटी रुपये जाहीर केले.

बक्षिसाने खेळ सुधारतो काय? अमेरिकेतील एरनबर्ग व बोग्नानो या अर्थशास्त्रज्ञांनी गोल्फ स्पर्धांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध केला. बक्षीस मोठे असते, तेथे खेळाडूंची कामगिरी उंचावते, असे त्यांना आढळले. परंतु हे खेळाडू आधीच तयार झालेले व्यावसायिक होते. गरीब घरातील मुलाच्या सरावाचा प्रत्येक तास म्हणजे बुडालेली मजुरी असते. बक्षीस विजयानंतर मिळते. खुराक, प्रशिक्षण आणि प्रवास यांचा खर्च मात्र त्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. म्हणून विजेत्याचा सत्कार जितका आवश्यक, तितकाच शिकाऊ खेळाडूला दिलेला आधारही आवश्यक आहे. खर्डेकरांनी घर गहाण ठेवले, ते पदक मिळण्यापूर्वी!

पाठावरील प्रश्न

१. मानवी भांडवल म्हणजे काय?
२. खाशाबा जाधव व स्वप्नील कुसाळे यांना मिळालेल्या आधारातील फरक सांगा.
३. तुमच्या परिसरातील होतकरू खेळाडूला कोणता आधार हवा, ते पाच ओळींत लिहा.