ऋण फेडणे हीही सेवाच

श्रीतुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण सज्जनहो, तिचे मर्म ध्यानी घ्यावे. परंपरा सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना देऊन महाराजांनी आपल्या वाट्याची तेवढीच खते बुडविली. ती लोकांकडची येणी होती. महाराजांची देणी नव्हती. येणे सोडणे हे वैराग्य. देणे बुडविणे हे वैराग्य नव्हे.

मग देणे फेडावे कसे? श्रीवर्धनच्या वाड्यांकडे पाहा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी धरायला वर्षे जातात. घरखर्च मात्र रोजचा. अशा वेळी कर्ज काढावे लागले, तर त्यात कमीपणा नाही. पण हिशेब हवा. दहा हजार रुपये दरमहा शेकडा तीन व्याजाने घेतले, तर वर्षाला ३,६०० रुपये नुसते व्याज, आणि मुद्दल जिथल्या तिथे!

म्हणून तीन नेम धरावे. रात्री हरिपाठ झाला की दिवसाचा खर्च वहीत मांडावा. सुपारीचे पैसे हाती आले की आधी जड व्याजाचे देणे फेडावे. आणि वारीसाठी कर्ज काढू नये. कार्तिकीपासून रोज दहा रुपये डब्यात टाकले, तर आषाढीपर्यंत दोन हजारांवर जमतात.

सावकाराचे तोंड चुकवून वारीला निघाले, तर नामात मन कुठून लागणार? ऋण फिटले की पाऊल हलके पडते.